अर्धी गोळी लुर्देशला

लिस्बन, ११ मार्च २०२३

देओलिंदा आत्या,

फोन केला असता तर माझा आवाज ओळखून तू ठेवून दिला असतास. पत्र मात्र उघडल्याशिवाय तुला राहवत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून पत्र.

बाबांना पुरलं त्याला चार वर्षं झाली. त्यानंतर आज पहिल्यांदा लिहितोय. पैसे मागायला लिहीत नाही, तेव्हा पुढे वाच. परवा डॉक्टर इरियानं मला विचारलं, "घरात कुणाला मधुमेह?"

मी म्हटलं, "आत्याला. वडिलांची थोरली बहीण."

"काय घेतात त्या?"

"पांढरी लांबट गोळी, जेवणाबरोबर. आणि जेवताना सगळ्यांना शिव्या."

ती हसली आणि औषधाचं नाव म्हणाली, मेटफॉर्मिन. तुझ्या फडताळात मिठाच्या बरणीशेजारी जो डबा असतो, त्यावर हेच नाव आहे ना?

तीच गोळी आता मला देणार आहेत. कदाचित. हा एक अभ्यास आहे, माझ्यासारख्यांसाठी. म्हणजे ज्यांनी वर्षानुवर्षं दंडात सुई खुपसली, त्या सुईतून ज्यांना एचआयव्ही लागला, आणि जे आता रोज सकाळी मेथाडोनच्या गाडीपाशी रांग लावतात. (मेथाडोन हे हेरॉइनच्या जागी प्यायचं औषध आहे. सरकारी गाडी येते, नर्स खिडकीतून प्लॅस्टिकच्या पेल्यात देते, तिच्या डोळ्यांदेखत प्यायचं.) निम्म्यांना खरी गोळी मिळणार, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी. कुणाला कुठली हे डॉक्टरलाही सांगत नाहीत. वर्षभर रक्त तपासायचं आणि आमची प्रतिकारशक्ती सुधारते का ते बघायचं.

मी पंचावन्नाचा झालो, आत्या. आजवर प्रत्येक डॉक्टरनं मला आधी 'सोड' म्हटलं आणि मग तपासलं. या बाईनं आधी तपासलं. 'सोड' म्हणायचं तिच्या लक्षातच आलं नाही.

तर एवढंच सांग, ही गोळी पोटाला कशी असते?

आणि निळ्या काठाची ती पत्र्याची थाळी अजून आहे का? अंत्यविधीच्या जेवणाला सगळ्यांना चिनीमातीच्या बशा होत्या आणि मला टेबलाच्या टोकाला ती थाळी. नंतर तू ती ब्लीचच्या पाण्यात बुडवलीस. वास मला अंगणापर्यंत आला होता.

आबिलियू

*

व्हाल द सिल्वा, २४ मार्च

आबिलियू,

पत्र उघडलं, कारण पाकिटावर तुझ्या बापासारखं अक्षर होतं.

तुला साखर झाली आहे हे सरळ सांगता येत नाही का? त्यासाठी एवढं रामायण कशाला, निम्म्यांना खरी नि निम्म्यांना खोटी. आपल्या घरात सगळ्यांना होते. तुझ्या आजीला होती, मला आहे, तुझ्या बापालाही होती, फक्त त्यानं वाइनच्या नावाखाली लपवली. लाज कसली त्यात. तुझ्या बाबतीत लाज वाटण्यासारखं आधीच पुष्कळ होतं, त्यात साखरेनं काय भर पडणार.

आणि तो अभ्यासच असेल तर त्यात जाऊ नकोस. उंदरांवर करायचं ते तुमच्यावर करतात, कारण तुमच्यामागे रडायला कोण बसलंय. माझ्या भावाचा मुलगा आहेस म्हणून सांगते. नाहीतर मला काय.

पोटाचं विचारलंस. पहिला महिना घराबाहेर पडू नकोस. मी पहिल्याच रविवारी चर्चमध्ये, पाद्रींनी प्रवचनाला तोंड उघडलं तेव्हा, मधल्या बाकावरून उठले आणि दोन रांगा तुडवत बाहेर पळाले. बेंतानं अख्ख्या गावात सांगितलं की देओलिंदाचा देवावरचा विश्वास उडाला. शेजारी राहते ती, काय करणार. गोळी जेवणाच्या मध्ये घ्यायची, आधी नाही.

थाळी आहे. फडताळात, खालच्या कप्प्यात. तेव्हा जे सांगत होते ते मी केलं. मी माफी मागणार आहे असं वाटून लिहीत असशील तर टपालखर्च वाया घालवू नकोस.

देओलिंदा

*

लिस्बन, ९ एप्रिल

आत्या,

मला साखर नाही. तीन वेळा तपासली. तुझं घराणं माझ्यापाशी थांबलं.

उंदरांचं म्हणतेस, तर तुला समजेल असं सांगतो. उन्हाळ्यात डोंगरावर वणवा लागतो तेव्हा गावातले पुरुष रात्र रात्र बादल्या घेऊन जागतात. समज, सप्टेंबरात वणवा विझला, पण यांना कुणी सांगितलंच नाही. ते धावतच राहिले, धूर नसताना घंटा वाजवत राहिले. मग एक दिवस खरी आग लागते आणि सगळे भिंतीला टेकून झोपलेले. माझ्या रक्तातल्या राखणदार पेशींचं असं झालंय, म्हणते डॉक्टर इरिया. गोळ्या घेऊन विषाणू दबला, इतका की कित्येक वर्षं तो तपासणीत सापडतच नाही. (म्हणजे माझ्या उष्ट्या थाळीतून कुणाला काही होण्याचा प्रश्न कधीच नव्हता, आणि आता तर नाहीच. ब्लीच वाचव.) पण पेशी वाढत नाहीत, थकल्या आहेत. तुझी गोळी त्यांना शांत करेल, असा अंदाज आहे. नुसता अंदाज. दुसऱ्या लोकांवर थोडं काही दिसलंय, आमच्यासारख्यांवर कुणी बघितलंच नाही. आम्ही वेळेवर येणार नाही, गोळ्या घेणार नाही, म्हणून आम्हाला कुणी धरतच नाही. हा अभ्यास बुडाला तर पुन्हा कुणी विचारणार नाही, असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली. म्हणून मी त्यात गेलो. रडायला कुणी नसलं तरी.

आता पत्रात लिहू नये असं एक लिहितो, पण सुरुवात तू केलीस. मेथाडोननं आतडी दगड होतात. आमच्या रांगेत हवामानापेक्षा त्यावर जास्त बोलणं होतं. अभ्यासाच्या गोळ्यांच्या बाटल्या मिळाल्या आणि आठवड्यात निम्मी रांग हसतमुख झाली. मी त्यात आहे. तुझं प्रवचन मला गाडी लावून देताना आलं. (मी अजून कार पार्क करायला हात दाखवतो, आल्कांतारात, नदीकडच्या रस्त्यावर.) एका बाईची मर्सिडीज अर्धी आत नि अर्धी बाहेर सोडून मी पळालो. तिनं तरीही नाणं ठेवलं.

तेव्हा खरी कुणाला आणि खोटी कुणाला हे डॉक्टरला माहीत नसेल, आम्हाला चौथ्या दिवशी कळलं. लुर्देशला खोटी मिळाली. ती रांगेत माझ्यापुढे असते, एकोणपन्नासची, कपडे शिवते, आणि तिच्या पेशी माझ्याहूनही कमी आहेत. ती म्हणाली, "मला पीठ दिलं रे." आमच्यात एक नियम आहे. ज्याला पुडीत पीठ मिळालं, ज्याला फसवलं, त्याला शेजारच्यानं आपल्यातलं अर्धं द्यायचं. तो नियम मोडणारा माणूस रस्त्यावर टिकत नाही. मी माझी गोळी ब्रेडच्या सुरीनं कापतो. अर्धी लुर्देशला.

आबिलियू

*

व्हाल द सिल्वा, २७ एप्रिल

आबिलियू,

पार्सल पाठवलंय. अक्रोड आहेत, मागच्या दाराशी झाड आहे त्याचे, आणि लसणीचे सॉसेज चार. अक्रोड फोडत बस, पण पिशवी तळापर्यंत रिकामी कर. मधेच सोडू नकोस.

तळाशी जे आहे ते तुझ्या त्या लुर्देशला दे. तू तुझी अख्खी घे. मला ते लागतात त्याहून जास्त मिळतात, नर्स तीन महिन्यांचे एकदम देते, डबा उतू चाललाय. मर्सिडीजवालीचं वाचून मी स्वयंपाकघरात एकटी हसले आणि बेंता भिंतीवर ठोकून विचारायला लागली की काय झालं. मी म्हटलं, रेडिओ.

रस्त्यावरचा नियम म्हणे. तो नियम तुला रस्त्यानं शिकवला असं समजू नकोस. आपल्याकडे डुक्कर कापलं की ज्या घरी त्या वर्षी डुक्कर नाही त्या घरी आधी ताट जातं, मग आपण बसतो. सात वर्षांचा असताना ती ताटं घेऊन तूच पळायचास, आणि येताना वाटेत जिभल्या चाटत यायचास. तुझ्या बापानं मार दिला होता त्याबद्दल.

ही लुर्देश कोण आहे? म्हणजे लिही की फक्त रांगेत पुढे असते, की आणखी काही.

देओलिंदा

*

लिस्बन, २० मे

आत्या,

लुर्देशनं पिशवी उलटी केली तेव्हा तुझे डबे बाहेर आले आणि तिनं एकेक डबा उचलून पाहिला. मग म्हणाली, "ज्या बाईनं मला पाहिलं नाही तिनं?" मी म्हटलं, "माझ्या आत्याला न पाहिलेल्या लोकांचं जास्त पटतं." तिनं तुझ्यासाठी एक एप्रन शिवलाय, सोबत आहे. खिसे मोठे ठेवले आहेत.

रांगेत पुढे असते. आणखी काही आहे की नाही ते तिनं अजून मला सांगितलेलं नाही.

तुझ्या गोळ्यांनी लुर्देश सुटली, पण रांगेतल्या बाकीच्यांनी बघितलं ना. नेल्सन म्हणून एक आहे, केप व्हर्द बेटांवरचा, गोदीत हमाल होता. तो म्हणाला, "लुर्देशला गावाकडची आत्या आहे, मला कोण आहे?" मग त्याच्या पुढच्यानं आपली अर्धी त्याला दिली. आता सगळेच कापतात. गाडी निघून गेली की भिंतीवर बसतो, लुर्देश सुरी काढते आणि वाटप होतं. कुणी जास्त मागत नाही. एकानं मागितली तर नेल्सन म्हणाला, "नशा चढत नाही रे हिची, मूर्खा, नुसता संडास होतो."

डॉक्टर इरियाला सांगितलेलं नाही. ती दर वेळी म्हणते, दुसऱ्याचं औषध घेऊ नका. आम्ही मान हलवतो. पहिल्यांदाच आमच्यापैकी प्रत्येकाला काहीतरी मिळतंय, ते कशाला मोडायचं.

तुझ्याकडे खरंच जास्त आहेत ना? तू सरळ उत्तर देत नाहीस तेव्हा झाडांबद्दल लिहितेस, म्हणून विचारतो.

आबिलियू

*

व्हाल द सिल्वा, १५ जून

आबिलियू,

चेरीची झाडं यंदा लवकर पिकली. पक्ष्यांनी निम्मी नेली.

पार्सल पाठवलंय, आधीसारखंच. तळापर्यंत बघ. एप्रन मिळाला. खिसे चांगले आहेत, तिला हात आहे. बेंतानं विचारलं कुणी शिवला, मी म्हटलं लिस्बनच्या शिंपिणीनं. दोन दिवस तिच्या पोटात दुखलं.

परसात घसरले, पायाच्या अंगठ्याला लागलंय. मोठं काही नाही. ओट्याशी उभी राहून लिहिते, आज ते जमत नाही, म्हणून थोडक्यात.

देओलिंदा

*

लिस्बन, २ सप्टेंबर

आत्या,

तीन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. अंगठ्याला लागलं म्हणालीस, अंगठ्यानं तू लिहीत नाहीस. बेंताचा फोन नंबर माझ्याकडे नाही, नाहीतर तिला तरी विचारलं असतं. हे पत्र मिळालं तर दोन ओळी पाठव.

इकडे सगळं बिघडलंय.

सोमवारी डॉक्टर इरियानं मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. म्हणाली, "रक्ताचे निकाल बाहेरच्या समितीनं उघडून पाहिले. ज्यांना खोटी गोळी दिली त्यांच्याही रक्तात औषध आहे. ज्यांना खरी दिली त्यांच्यात निम्मंच आहे."

मी म्हटलं, "मग हिशेब बरोबर आहे."

ती हसली नाही. "समितीचं म्हणणं, तुम्ही लोकांनी बाटल्या विकल्या. लिस्बनचा अभ्यास बंद करायचा त्यांचा विचार आहे."

"मेटफॉर्मिन? डॉक्टर, रस्त्यावर ती कोण विकत घेणार? कशासाठी, जुलाबासाठी?"

"मग काय झालं ते सांग."

मी सांगितलं. भिंत, सुरी, वाटप, सगळं. फक्त तुझं नाव घेतलं नाही. मला वाटलं, तिला बरं वाटेल. निदान डोळे ओले होतील, होतात तिचे. तिनं टेबलावरची पेनं एका बाजूला सरकवली आणि म्हणाली, "आबिलियू, तुम्ही माझं काम बुडवलंत. सगळ्यांनी निम्मं घेतलं, तर आता मी कुणाची तुलना कुणाशी करू? ही गोळी तुमच्या उपयोगाची आहे की नाही, हे आता कुणालाच कळणार नाही. लुर्देशलाही नाही. जिला वाचवायला तू गोळी कापलीस तिलाच."

हे खरं आहे, आत्या. आणि ती म्हणेपर्यंत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. खोटी गोळी म्हणजे फसवणूक, एवढंच आम्हाला ठाऊक. पीठ मिळालेल्याशेजारी बसून कुणी आपली अख्खी पुडी कशी घेईल? खोटी गोळी घेणाराही काहीतरी कामाचं करतोय, हे आम्हाला कधी कुणी शिकवलं नाही. किंवा तिनं शिकवलं असेल आणि आम्ही मान हलवली असेल.

मग ती हळूच म्हणाली, "एक वाट आहे. प्रत्येकानं लिहून द्या की गोळ्या घ्यायला विसरलात, बाटल्यांची अदलाबदल झाली. मग विकल्याचा डाग लागत नाही. रुग्णांच्या बेशिस्तीमुळे अभ्यास थांबला, एवढंच राहील."

"एवढंच."

"मी तुम्हाला वाचवायला बघतेय."

"माहीत आहे. पण आम्ही विसरलो नाही. एक दिवस नाही. नेल्सन तापानं फणफणला होता तेव्हा त्याची अर्धी लुर्देशनं घरी नेऊन दिली. आजवर आमच्याबद्दल जे जे लिहिलं त्यात हेच आहे, विसरला, आला नाही, हरवली, विकली. या वेळी आम्ही जे केलं ते चुकीचं होतं, पण केलं. तेच लिहा. वाटून घेतली असं लिहा."

"ते लिहिलं तर बंदच करतील."

"विसरलो लिहिलं तर चालू ठेवतील?"

तिनं उठून दार उघडलं.

भिंतीवर जाऊन सगळ्यांना सांगितलं. एकानंही 'विसरलो' लिहून दिलेलं नाही. नेल्सनला लिहिता येत नाही, त्यानं लुर्देशकडून लिहून घेतलं: 'घेतली. अर्धी. कोणाची ते सांगणार नाही.' तीन आठवड्यांनी, शुक्रवारी, समिती संगणकाच्या पडद्यावर बैठक घेणार आहे.

तू लिही. शिव्या दे, पण लिही.

आबिलियू

*

व्हाल द सिल्वा, १२ सप्टेंबर

आबिलियू,

जुलैपासून गेल्या आठवड्यापर्यंत ब्रागांसाच्या इस्पितळात होते. डाव्या पायाचं बोट काढलं, तोच अंगठा. जखम भरेना. साखर चढली होती. परत आले तर तुझी तिन्ही पत्रं बेंतानं बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलेली, उघडून परत चिकटवलेली. चिकटवता येत नाही तिला.

आता तू हिशेब करशील आणि तुला कळेल, म्हणून मीच सांगते. माझ्याकडे जास्त नव्हत्या. मी सकाळची घेत होते आणि रात्रीची तुझ्या पिशवीत टाकत होते. डॉक्टर ओरडला, नर्स ओरडली, दोघांचं ऐकून घेतलं. तू ओरडू नकोस. बोट माझं होतं.

विकल्या म्हणे. मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे, आमच्या घरातून आजवर कुणी काही विकलं असेल तर बटाटे. तुझ्या त्या डॉक्टरणीला मी कालच टपालानं पत्र टाकलं, पत्ता तुझ्या पहिल्या पत्रातल्या इस्पितळाच्या शिक्क्यावरून घेतला. काय लिहिलं ते तुलाही सांगते, मागाहून तू म्हणशील आत्या काहीतरी भलतंच बोलली:

'डॉक्टरबाई, तुमच्या रांगेतल्या लुर्देश नावाच्या बाईला गोळ्या मी दिल्या. माझ्या होत्या. मला साखर आहे. पैसे घेतले नाहीत, एक एप्रन मिळाला. विकल्या असं म्हणणाऱ्यानं व्हाल द सिल्वाला यावं, आधी माझा पाय बघावा आणि मग माझ्यासमोर म्हणावं. तुमचं काम आमच्यामुळे बिघडलं असेल तर ते पुन्हा करा. आमच्या इथे पावाची भट्टी विझली तर भट्टी फोडत नाहीत, पुन्हा पेटवतात. आणि पुन्हा कराल तेव्हा कुणालाच पीठ देऊ नका. लोकांना रांग समजते. आधी कुणी, मग कुणी, एवढं ठरवून द्या, थांबतील. देओलिंदा मोराइश.'

पाद्रींनी एक शब्द सुधारायला सांगितला, मी नाही सुधारला.

देओलिंदा

*

लिस्बन, २९ सप्टेंबर

आत्या,

तू ओरडू नकोस म्हणालीस. मी तुझं पत्र आल्कांताराच्या पुलाखाली उभा राहून वाचलं आणि मोठ्यानं ओरडलो. दोन गाड्या न थांबता गेल्या. तू तुझी गोळी कुणाला विचारून दिलीस? मला सांगितलंस डबा उतू चाललाय. झाडांबद्दल लिहिलंस तेव्हाच मी निघून यायला हवं होतं. लुर्देशला सांगितलं. ती तिथेच फुटपाथवर बसली, म्हणाली, "माझ्या पोटात त्या बाईचं बोट आहे." हे असं कुणाच्या अंगावर टाकायचं असतं का?

बरं. ओरडून झालं.

बैठकीत डॉक्टर इरियानं तुझं पत्र वाचून दाखवलं. अख्खं, एप्रनसकट. आम्ही तिघे तिच्या मागे उभे होतो, मी, लुर्देश आणि नेल्सन. पडद्यावर पाच जण होते. एक म्हातारा म्हणाला, "हे भावनिक आहे." डॉक्टर इरिया म्हणाली, "यात भावनिक काय आहे? ही माहिती आहे. एकानंही गोळी चुकवली नाही. तुम्ही म्हणत होतात हे लोक औषध घेणारच नाहीत. यांनी तर शेजाऱ्यालाही द्यायचं सोडलं नाही." मग ती म्हणाली की बाईंची सूचना वाईट नाही, असे अभ्यास होतात. सगळ्यांना खरी गोळी. निम्म्यांना आता, निम्म्यांना सहा महिन्यांनी. कोण आधी हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. आणि मधल्या काळात तुलना करायची.

म्हातारा म्हणाला, "आणि यांनी पुन्हा वाटून घेतलं तर?"

लुर्देश पुढे झाली. ती एवढ्या लोकांसमोर कधी बोलत नाही. म्हणाली, "दर महिन्याला रक्त घ्या. थांबणाऱ्याच्या रक्तात गोळी सापडली तर आम्हाला सगळ्यांना काढा. एकालाच नाही, सगळ्यांना. मग बघा कोण कापतं."

दोन दिवसांनी होकार आला. साठातले बावीस गेले, वैतागून किंवा घाबरून. अडतीस उरलो. जुनं रक्त फेकून द्यायचं, शून्यापासून. डॉक्टर इरिया अजून माझ्याशी पहिल्यासारखी बोलत नाही. पण तिनं सुरुवात केली आहे.

चिठ्ठ्या भिंतीवर बसूनच काढल्या, एका टोपीतून, नर्स साक्षीदार. लुर्देशला 'आता' आली. नेल्सनला आणि मला 'नंतर'. माझ्या पेशी दोनशेवर अडकल्यात, निरोगी माणसाच्या पाचशेच्या वर असतात, तेव्हा सहा महिने म्हणजे थोडे नाहीत. लुर्देशनं सुरीकडे बघितलं, मी बघितलं नाही. नेल्सन म्हणाला, "या वेळी थांबणंच अर्धं अर्धं करू."

तेव्हा पार्सलमध्ये काही पाठवू नकोस. तळाशी काही सापडलं तर मी ते नर्सच्या हातात देईन आणि तुझं नाव सांगेन. दोन्ही वेळची गोळी तू घे. घेतेस की नाही हे मला बेंताकडून कळायला हवं. तिला सांग, पत्र उघडण्यापेक्षा मला लिहीत जा म्हणावं.

आबिलियू

*

व्हाल द सिल्वा, १९ नोव्हेंबर

आबिलियू,

अक्रोड पाठवलेत. तळाशी अक्रोडच आहेत. खात्री करून घे, तुझ्या नर्सलाही दाखव.

दोन्ही वेळची घेते. खिडकीत उभी राहून घेते, म्हणजे बेंताला तिच्या ओट्यावरून दिसतं आणि तिचा जीव भांड्यात पडतो. साखर उतरली आहे. चालताना थोडी डावीकडे कलते, त्यामुळे आता चर्चमधून पळताना उशीर होईल, एवढाच तोटा.

डुक्कर डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी कापायचं ठरलंय. तू ये. तुझ्या त्या मेथाडोनचं मी डॉक्टरणीला विचारलं, तिनं उत्तर पाठवलं की प्रवासाला निघणाऱ्याला चार दिवसांचं बरोबर देता येतं. तेव्हा ते कारण सांगू नकोस. लुर्देशला आण. एप्रनचा एक खिसा उसवलाय, तो तिनंच शिवला पाहिजे, आणि मला तिला सांगायचंय की तिच्या पोटात माझं काहीही नाही, तिच्या पोटात तिनं खाल्लेली गोळी आहे. नेल्सनला डुक्कर उचलायची सवय असेल तर त्यालाही आण. इथे आता उचलणारे सगळे सत्तरीच्या पुढचे आहेत.

बेंता परवा म्हणाली, "तो येणार म्हणजे जेवणार कशात?"

मी म्हटलं, "तू जेवशील त्यात. जमलं तर तुझ्या आधी."

ती म्हणाली, "आणि मी नाही आले तर?"

मी म्हटलं, "तर तुझ्या घरी ताट जाईल. घेऊन तोच येईल, लहानपणापासून त्याचंच काम आहे ते. दारातून परत पाठवायचं असेल तर त्याच्या तोंडावर पाठव."

ती येणार आहे. बटाटे तीच सोलणार म्हणाली.

आल्यावर फडताळाचा खालचा कप्पा उघडून बघू नकोस, तिथे काही नाही. निळ्या काठाची थाळी ऑक्टोबरपासून परसात कोंबड्यांच्या पाण्याला लावली आहे. त्यांची काही तक्रार नाही.

देओलिंदा